भावजींची बुडी

लग्न होऊन पलूसजवळच्या या गावात आले तेव्हा मी स्वतःला फार शहाणी समजत होते. साताऱ्यात शिकलेली आणि प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र असलेली सून. ते प्रमाणपत्र मी ट्रंकेत तळाशी जपून आणलं होतं. आजतागायत कुणी मागितलेलं नाही.

माझं शहाणपण धाकट्या दिरांनी लवकरच विहिरीत बुडवलं. भावजी तेव्हा फौजेच्या भरतीची तयारी करत होते. मळ्यातल्या विहिरीत सूर मारायचे आणि तळाशी कपारीला धरून बसायचे. बुडबुडे थांबायचे, पाणी निवळायचं, आणि काठावर मी. आधी लाडीगोडीनं, "भावजी, पुरं झालं, वर या." मग आवाज चढवून, "गेले वो, गेले." उसाला पाणी पाजणारी माणसं खोरी टाकून धावत यायची. तेवढ्यात भावजी पलीकडच्या पायरीवर उगवायचे आणि सगळ्यांदेखत विचारायचे, "वैनी, कोण गेलं?"

एकदा फसली तर बाई भोळी म्हणावी. मी दर उन्हाळ्याला फसले. ते फौजेतून सुट्टीवर यायला लागले तेव्हाही फसले. पुढं पुढं माणसं धावायची बंद झाली, मी मात्र तितक्याच तळमळीनं कोकलायची.

काही वर्षांपूर्वी भावजी लेकाच्या वर्कशॉपला कुपवाडला निघाले आणि वाटेत स्कूटरवरून पडले. हेल्मेट डिकीत होतं, कोरं करकरीत. सांगलीच्या दवाखान्यात आयसीयूत ठेवलं. मेंदूत रक्त साकळलं होतं. काही दिवस गेल्यावर तिथल्या तरुण डॉक्टरांनी आम्हा दोघी जावांना समोर बसवलं.

"त्यांच्या मेंदूचं काम पूर्ण थांबलंय असं आम्हाला वाटतंय. खात्रीसाठी तपासण्या करतो. डोळ्यांवर उजेड टाकून बघतो, घशात नळी फिरवून खोकला येतो का बघतो. शेवटी श्वास देणारं यंत्र थोडा वेळ काढतो. प्राणवायू बारीक नळीतून चालूच राहील. ते स्वतःहून श्वास घेतात का, एवढंच बघायचं."

मी म्हटलं, "डॉक्टर, त्यांच्या श्वासावर काय ठरवू नका. लय खोडकर माणूस हाय."

डॉक्टरांनी जाऊबाईकडं पाहिलं. म्हातारीला धक्का बसलाय, असं त्यांना वाटलं असणार. मग मी त्यांना विहीर सांगितली, कपार सांगितली, पलीकडची पायरीसुद्धा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आजी, श्वास कोंडून धरणं हेही मेंदूचंच काम. आणि कितीही दमाचा माणूस असू दे, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की मेंदूचा सगळ्यांत खालचा भाग हुकूम सोडतो, श्वास घे. तिथं कुणाचं काही चालत नाही. तुमचे दीर वर यायचे ते त्या हुकमानं."

इतकी वर्षं मला वाटत होतं, माझ्या ओरडण्यानं येतात.

तपासणी मला डोळ्यांनी बघू द्या, असा मी हट्ट धरला. बघू दिली त्यांनी. गाऊन उलटा घातला, टोपी अंबाड्यावर बसेना. यंत्र काढलं तसा मीही श्वास कोंडला. हिशेब सोपा होता. मला दम निघेना झाला की त्यांनाही निघणार नाही. माझा तर लगेच सुटला. परत कोंडला. परत सुटला. नर्स हळूच म्हणाली, "आजी, तुम्ही श्वास घ्या. इथं एकही बेड रिकामा नाही."

पडद्यावर हृदयाची रेघ धावत होती. छाती मात्र निवळलेल्या पाण्यासारखी. डॉक्टरांनी रक्त तपासायला घेतलं, यंत्र परत लावलं आणि छाती वर आली. "आले, वर आले," मी म्हणाले.

"हे यंत्र आहे, आजी," डॉक्टर म्हणाले.

नियमानं काही तासांनी हे सगळं परत करायचं होतं. तोवर मी बाहेर बसलेल्या पाहुण्यांना सांगून टाकलं की पहिली बुडी नुसती सरावाची असते. दुसऱ्या वेळी मात्र मी श्वास कोंडला नाही. नुसती घेत राहिले. माझा एक झाला की त्यांच्याकडं बघायची. त्यांचा आला नाही.

डॉक्टरांनी जाऊबाईला सांगितलं की भावजी वारलेत. यंत्रावर आणि औषधांवर हृदय अजून थोडा वेळ चालेल, तेवढ्यात अवयव दुसऱ्यांना देता येतील. नाही म्हटलं तरी चालेल, घाई नाही. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. अंग गरम हाय, काळीज चालतंय, आणि हे गेला म्हणत्यात.

जाऊबाईनं कुणाकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. "आक्का, त्यांच्या दमाला तुमच्यावानी कोण फसलं न्हाई. तुमी सांगा. फसवाय लागल्यात का?"

थांब गं, येतील वर, हे वाक्य माझ्या तोंडात तयारच होतं. मी ते म्हटलं असतं तर ती थांबली असती, कितीही.

"न्हाई गं," मी म्हणाले. "ह्या खेपंला न्हाई."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग डॉक्टरांना म्हणाली, "घ्या. जे कुणाच्या उपयोगी पडंल ते घ्या."

त्यानंतर त्यांची देखभाल उलट वाढली. रक्तदाब उतरू नये म्हणून औषध, अंग गार पडू नये म्हणून पांघरूण, डोळ्यांत थेंब, ठरल्या वेळी कूस बदलणं. माझं प्रमाणपत्र जागं झालं. "गेले म्हणता, मग एवढं कशाला?"

"अवयव जपायचे ना, आजी. तिकडं कुणीतरी वाट बघतंय," नर्स म्हणाली. मग मीही पायावरचं पांघरूण सारखं केलं. तिनं माझ्यामागं ते पुन्हा सारखं केलं.

संध्याकाळी डॉक्टर सांगून गेले की किडन्या चांगल्या आहेत, लिव्हर उत्तम आहे, फुफ्फुसं मात्र विड्या ओढून वाया गेली आहेत. ज्या दमाचं मी जन्मभर कौतुक केलं, तोच नापास.

जाऊबाईनं मान वर केली. "लिव्हर चांगलं हाय? मग फौजेच्या क्यान्टीनच्या बाटलीवरनं मी उगंच भांडत हुते व्हय?" ती हसली, आणि हसता हसताच फुटली.

ऑपरेशनला नेताना खाट आमच्यापाशी थांबवली. काय बोलायचं ते बोला, म्हणाले. यंत्रावर छाती वरखाली होत होती. जाऊबाईनं त्यांच्या कपाळावर हात ठेवला. मी काठावरची बाई, मला एकच वाक्य येत होतं, वर या. ते गिळलं.

"सावकाश जावा, भावजी," मी म्हणाले.