तडा जाईल ती कादंबरी

माझ्या मामीला अख्खी गल्ली मामीच म्हणते. तिच्याहून वयाने मोठ्या बायकासुद्धा खुर्चीत बसल्या की "मामी, भुवया जरा जाड ठेवा हं" म्हणतात, आणि मामीही कुणाचं वय काढत नाही. घराच्या पुढच्या खोलीत तिचं पार्लर आहे. दोन साध्या खुर्च्या, केस धुवायची एक मागे कलणारी खुर्ची, भिंतभर आरसा आणि त्याच्यावर बल्बांची रांग, त्यातला एक कायम गेलेला. थ्रेडिंग करताना दोऱ्याचं टोक तिच्या दातांत असतं, त्यामुळे तिचं बोलणं हप्त्याहप्त्याने येतं. डाव्या भुवईआधी "काल काय झालं माहितेय", आणि पुढचं थेट भुवई संपल्यावर. तोवर गिऱ्हाइकाचा जीव टांगणीला. गोष्ट कशी सांगावी हे ती तिथेच शिकली असणार.

आमच्या घरच्या वाचनमंडळात मात्र मामीकडे फक्त चहाचं खातं होतं. मंडळ म्हणजे आजोबा, मामा, मामी, माझी आई आणि मी. पार्लरच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्ही तिथेच जमायचो. दर खेपेला एकाने एखादी जुनी, गाजलेली कादंबरी निवडायची, सगळ्यांनी वाचायची आणि मग तिच्यावरून भांडायचं. हे माझ्या वडिलांनी सुरू केलं होतं. ते आणि आई असे काही भांडायचे की चहावर साय धरायची. आई तर हातातलं पुस्तक मांडीवर आपटून बोलायची. दीड वर्षापूर्वी वडील गेले. आई त्यानंतरही मंडळात येत राहिली, पण कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून "तुम्ही बोला, मी ऐकते" एवढंच म्हणायची.

तेव्हापासून मंडळात एक नियम आला. कोणी बोलून दाखवला नाही, पण पाळला सगळ्यांनी. ज्यात नवरा मरतो ते पुस्तक आईपुढे आणायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण जगातल्या थोर कादंबऱ्यांमध्ये नवरे फार मरतात हो! एखादा धडधाकट उरलाच तर तो पळून तरी जातो. आजोबांचं आयुष्य औषधाच्या दुकानात गेलेलं. गोळ्यांच्या पाकिटावरची मुदत बघावी तसं ते कादंबरीचं शेवटचं पान आधी बघायचे आणि "चालेल" किंवा "बाधेल" असा निकाल द्यायचे. या चाळणीतून जे खाली पडलं ते विचारू नका. एका माळ्याच्या बागेवर सहाशे पानं आम्ही वाचली, आणि त्या बागेत वारासुद्धा बेताचाच सुटायचा.

आणि मग पहिल्यांदाच मामीची पाळी आली.

"तू आपलं छोटंसं काहीतरी घे," मामा म्हणाला. "एखाद्या प्रवासाचं वगैरे. ताईला त्रास होईल असं नको." मामा फ्रीज दुरुस्त करतो. त्यामुळे असेल, पण कुठलीही गोष्ट थंड ठेवली की टिकते अशी त्याची समजूत आहे.

मामी त्याच्यापुढे "बरं" म्हणाली. मी कंगवे धुवायला मागे गेले, तर माझ्यामागून आली आणि नळ सोडून हळूच म्हणाली, "मला ताईंना एकदा हसवायचंय. अगदी खदाखदा. बाकी मला काही नको."

"मामी, ती घरीही हसत नाही गं. मी सगळं करून बघितलंय."

"माहितेय मला. पण माझ्या अंगावर त्यांचं ऋण आहे."

ते ऋण सगळ्या घराला माहीत आहे. मामीने नवीन लग्न होऊन आल्यावर पार्लर काढलं, तेव्हा पहिलं गिऱ्हाईक माझी आई. मामीचा हात थरथरला आणि आईची उजवी भुवई पार कपाळात चढली. आई तशीच विम्याच्या ऑफिसात गेली. महिनाभर, समोरच्याने काहीही सांगितलं तरी, ती थक्क झाल्यासारखी दिसायची. पण जी विचारील तिला म्हणायची, "माझ्या वहिनीचं पार्लर आहे. हात काय सुरेख आहे तिचा!" मामीची पहिली गिऱ्हाइकं अशी आली. मामी ते विसरणारी बाई नाही.

वाचनालयातून तिने चार जाडजूड कादंबऱ्या आणल्या. "यातलं चांगलं कुठलं ते मला काय कळणार? मला चेहरे कळतात," असं म्हणून तिने परीक्षेची स्वतःची पद्धत काढली. फेसपॅक लावला की तो वाळेपर्यंत बाईने बोलायचं नाही, हसायचं नाही, नाहीतर पॅकला तडा जातो. मामी गिऱ्हाइकाला पॅक लावायची आणि शेजारी बसून पुस्तक वाचून दाखवायची. ज्याने तडा जाईल ते पुस्तक पास!

पहिल्या कादंबरीला बँकेतल्या बाई घोरायला लागल्या. दुसरीला मुख्याध्यापिकाबाईंचा चेहरा धुतलेल्या ताटलीसारखा गुळगुळीत राहिला. तिसरीला लग्न ठरलेली मुलगी मोबाइलच बघत बसली. आणि एके दिवशी मामीने मला ओरडूनच हाक मारली. खुर्चीत शेजारची शिवणकाम करणारी बाई होती. तिच्या नाकापासून हनुवटीपर्यंत पॅकला हा एवढा तडा, आणि डोळ्याखाली ओला ओघळ.

"चौथी," मामी म्हणाली. पण चेहरा उजळलेला नव्हता तिचा. "हिच्यात नवरा बुडतो गं."

ती एका बोटीवरच्या कॅप्टनच्या बायकोची गोष्ट होती. दुसऱ्याच प्रकरणात कॅप्टन बोटीसकट बुडतो. मला धडकी भरली. आई जेमतेम सावरली होती. ती उठून गेली असती, आणि मंडळात पुन्हा कधी आली नसती तर? मामीलाही तीच भीती होती. ते पुस्तक चार दिवस टॉवेलांच्या कपाटात पडून होतं. पाचव्या दिवशी तिने ते आजोबांपुढे ठेवलं. आजोबांनी चष्मा लावला, शेवटचं पान काढलं. तिथे कुणाचं तरी लग्न होतं, बँड वाजत होता.

"चालेल," आजोबा म्हणाले.

मामीने पुस्तक चटकन मिटलं. मी ते परत टॉवेलांच्या कपाटात ठेवून आले.

सुट्टीच्या दिवशी सगळे जमले, तर मामी वाटी आणि ब्रश घेऊन उभी. "आज माझी पाळी ना? मग माझ्या पद्धतीने. आधी पॅक, मग पुस्तक, तेही मीच वाचून दाखवणार."

"सूनबाई, मला कशाला?" आजोबा म्हणाले.

"बाबा, तुमचं कपाळ बघा जरा आरशात." आजोबांनी बघितलं आणि निमूटपणे मागे कलणाऱ्या खुर्चीत आडवे झाले. मामा कुरकुरला, पण त्यालाही फासलं. मग मला, शेवटी आईला. आईच्या भुवयांपाशी आल्यावर मामीने ब्रश अगदी जपून, केसाएवढं अंतर सोडून फिरवला. "वाळेपर्यंत कुणी हलायचं नाही. सुरकुत्या पडल्या तर मला बोल लावू नका." पॅक कडक व्हायला लागल्यावर तिने पुस्तक उघडलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मामीने परीक्षा नंतर ठेवली होती, आधी सगळ्यांची तोंडं बंद केली होती!

कॅप्टन बुडाला. खुर्चीतून मामाचं "उं! उं!" सुरू झालं. आजोबा छताकडे बघत डोळे मोठे मोठे करत होते. आई दगडासारखी बसली होती, हात मांडीवर घट्ट. मामी पान उलटून वाचत राहिली. कॅप्टनची बायको रडत नाही. तिला फक्त झोप येत नाही. रात्री खोलीत फार शांत असतं. शेवटी ती गल्लीतल्या पहारेकऱ्याला पगारावर ठेवते, खिडकीखाली बसून घोरायला. तो बिचारा लाजतो. त्याला ठरवून घोरता येत नाही, कधी शिट्टी वाजते, कधी खोकला येतो. मग ही बाई खिडकीतून अर्धी बाहेर वाकून त्याला शिकवते: "तसं नाही रे! आधी करवत. मग एकदम बंद. आता माणूस संपला असं वाटलं पाहिजे. आणि मग..."

टक्क असा बारीक आवाज झाला. आईच्या गालाला तडा गेला होता. मग कपाळाला. मग हनुवटीचा एक तुकडा तिच्या साडीवर पडला आणि आई हसली. तोंडावर हात धरून, मग हात काढून, पोट धरून. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसतच होती.

"अगं, यांचंही अस्संच!" ती म्हणाली. "मध्येच बंद! मी उठून नाकाशी बोट धरायचे. आणि मग जे काही सुरू व्हायचं!"

दीड वर्षात वडिलांबद्दल तिने आमच्यात काढलेला हा पहिला शब्द. मामी तिच्या पायाशी बसली. "ताई, मला माफ करा. बाबांनाही मी सांगितलं नाही. हिच्यात नवरा..."

"अगं, माफ काय करा!" आईने आम्हा सगळ्यांकडे पाळीपाळीने बघितलं. "म्हणजे तो माळी, ती बाग, ते सगळं तुम्ही माझ्यासाठी निवडत होतात? मला वाटलं, माझीच वाचनाची भूक मेली. आणि तुम्ही मला दीड वर्ष पथ्यावर ठेवलं होतंत होय!"

आजोबा खुर्चीतून काहीतरी म्हणाले. ते "बाधेल असं वाटलं" असावं, पण पॅकमुळे नीट कळलं नाही.

"दे इकडे ते," आईने मामीच्या हातातून पुस्तक घेतलं. "वाचतेस छान. पण घोरणं तुला जमत नाही." आणि तिने पहारेकऱ्याचं घोरणं वाचून दाखवलं. करवत, मग एकदम बंद. ते थांबणं इतकं हुबेहूब वडिलांचं होतं की मी श्वास धरून बसले. आणि मग तिने जे सुरू केलं, त्याने मामाचा पॅक फुटला, माझा फुटला, आजोबांचा तर कॉलरमध्ये गेला.

मामी रडत रडत हसत होती. ओला स्पंज घेऊन ती आईचा चेहरा पुसायला पुढे झाली, तर आईने पुस्तकातून मान वर न करता तिचा हात बाजूला केला.

"थांब गं. प्रकरण संपू दे."