यंत्रातला आवाज, नकाशावरचं बोट

परदेशातल्या रस्त्यांवरून आमच्या घरात भांडण सुरू झालं तेव्हा आम्हा दोघांपैकी कुणाकडे पासपोर्टसुद्धा नव्हता. मुलगी शिकायला आयर्लंडला गेली, तिथेच नोकरीला लागली, लग्न करून राहिली. आमच्या ह्यांनी एका संध्याकाळी उसाला पाणी देऊन आल्यावर, पाय धुता धुताच जाहीर केलं की आपण तिकडे जायचं आणि भाड्याची गाडी घेऊन समुद्राच्या कडेकडेने हिंडायचं. तिकडेही आपल्यासारखी डाव्या बाजूनेच गाडी चालवतात, एवढं कळल्यावर तो देश त्यांना अर्धा ओळखीचाच वाटायला लागला होता.

मी न्हावऱ्याजवळच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवायचे, त्यामुळे मी कागदी नकाशाच्या बाजूची. नकाशात आपण कुठे आहोत ते आपलं आपल्याला शोधावं लागतं, आणि तेवढ्यात आजूबाजूच्या दहा गावांची ओळख होते, असं मी मुलांना सांगायचे. हे रांजणगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. ज्याला बटण आहे त्यावर त्यांचा विश्वास. फोनमध्ये सगळं असताना त्यांनी जीपीएसचं वेगळं यंत्र आणलं. परदेशात आडरानात फोनची रेंज गेली तर काय करशील, याला रेंज लागत नाही, हे आभाळातून बघतं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणायचे, आभाळातून बघणाऱ्याला बांध दिसतो, बांधावरचं भांडण दिसत नाही. त्यावर ते म्हणायचे, भांडण बघायला तू आहेस की सोबत.

यंत्राला मराठी येत नव्हती. हिंदी होती, पण न्हावऱ्याहून दौंडला जायला हिंदी कशाला, म्हणून ह्यांनी त्यातली स्वतःचा आवाज भरायची सोय शोधून काढली. दुपारच्या वेळी शेडमध्ये गाडीच्या काचा वर करून आम्ही दोघं घामाघूम होत बसलो. पडद्यावर एकेक सूचना यायची आणि ती हे आपल्या शब्दांत बोलायचे.

आता इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे डावं-उजवं फारसं कुणी बोलत नाही. नदी वाहत जाते ती खालची बाजू, नदी येते ती वरची. शेत खालच्या अंगाला असतं, वस्ती वरच्या अंगाला असते, आणि आमच्या घरात तर मिठाची बरणीही फळीवर खालच्या अंगाला असते. पडद्यावर 'डावीकडे' आलं तेव्हा ह्यांनी डोळे मिटून दौंडचा रस्ता आठवला. दौंडकडे तोंड केलं की डावा हात भीमा वाहते तिकडे. म्हणून ते बोलले, "अगं, खालच्या अंगाला वळ." उजवीकडेसाठी, "वरच्या अंगाला वळ." वळण चुकलं तर काय बोलायचं, याला त्यांनी जराही वेळ घेतला नाही. "चुकलीस. फीर माघारी." मी हसून हसून बेजार. शेवटी तर त्यांनी मला बाहेर काढलं आणि उरलेल्या सूचना एकट्याने भरल्या.

दौंडला जाताना यंत्राने आम्हाला तळहातावरच्या फोडासारखं जपून नेलं. परतताना घोळ झाला. आता तोंड न्हावऱ्याकडे, म्हणजे डावी बाजू वरची. यंत्र मात्र डावीकडे वळायला 'खालच्या अंगाला'च म्हणणार. आम्ही दोघंही पडलो इथल्याच मातीतले. खालच्या अंगाला म्हटलं की आपोआप नदी वाहते तिकडे वळलो, आणि कुणाच्या तरी उसातल्या मोटारीच्या खोलीपाशी जाऊन थांबलो. एक भूगोलाची बाई आणि एक मेंटेनन्सचा माणूस. कुत्रं भुंकत होतं. हे म्हणाले, यंत्र बरोबर आहे, आपणच उलटे चाललोय. आवाज पुन्हा भरायला ते काही तयार झाले नाहीत. मग मीच मनाशी पक्कं केलं, खाली म्हणजे डावीकडे, वर म्हणजे उजवीकडे, नदी कुठे का वाहेना.

पासपोर्ट हातात आले त्याच हिवाळ्यात ह्यांना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, पायही पुढे सावरला. उजवा हात लुळा राहिला आणि वाचा गेली. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की ह्यांना सगळं कळतं, शब्द आत शाबूत आहेत, तोंडापर्यंत यायची वाट तेवढी तुटली आहे. कशालाही एकच उत्तर मिळायचं, "हा". तेही श्वासासारखं. उभा जन्म बडबड करणारा माणूस. मला घर खायला उठायचं.

व्यायामासाठी त्यांना दौंडला न्यावं लागे, आणि गाडी आता मी चालवत होते. पहिल्याच खेपेला, सवयीने, मी यंत्र चालू केलं. भर दुपार होती. दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आणि गाडीत ह्यांचा आवाज आला, खणखणीत, जरासा वैतागलेला. "अगं, खालच्या अंगाला वळ."

 मी शेजारी पाहिलं. ह्यांचं तोंड बंद होतं. ते यंत्राकडे बघत होते, घरात शिरलेल्या अनोळखी माणसाकडे बघावं तसे. मग त्यांनी मान खिडकीकडे वळवली आणि दौंड येईपर्यंत परत फिरवली नाही. मी मात्र पुढच्या वळणाची वाट बघत होते.

त्यानंतर मला नादच लागला. रविवारी जेवणं झाली की, चला, चक्कर मारून येऊ, असं म्हणून मी ह्यांना गाडीत बसवायचे. कधी शिरूरच्या वाटेला, कधी भीमेच्या पुलाकडे. वळणं मुद्दाम चुकवायचे, कारण चुकलं की तो आवाज जास्त बोलायचा. चुकलीस. फीर माघारी. मी 'बरं बाबा' म्हणायचे. पुढे पुढे मी त्याला घरचंही सांगायला लागले, म्हैस आटली, मोटार जळाली, मुलीचा फोन आला होता. एकदा बोलता बोलता लक्षात आलं की मी 'अहो' म्हणतेय आणि बघतेय यंत्राकडे. खरे हे माझ्या डाव्या हाताला बसलेले. मी यंत्र बंद केलं. तरी पुढच्या रविवारी गेलेच.

आमच्या बांधाशेजारचे एक म्हातारे आबा एका सकाळी दारात आले.

"मास्तरीणबाई, मालक बोलाय लागलं व्हय? काल बांधावरनं गाडीतला आवाज ऐकला म्या. लई मोकळा आवाज हाय."

मी "व्हय" म्हणाले. का म्हणाले, देव जाणे. त्या क्षणी मला ते खोटं वाटलंच नाही. मग माणसं भेटायला यायला लागली. ह्यांच्यासमोर बसायची, चहा प्यायची, काहीतरी विचारून आशेने तोंडाकडे बघायची, आणि 'हा' ऐकून चुळबुळत उठून जायची. मालक घरात मुके आणि गाडीत बोलतात, अशी बोलवा झाली. एका अमावास्येला कुणीतरी आमच्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवून गेलं. मी ते उचलून उकिरड्यावर फेकलं, पण हात दोनदा धुतले.

इकडे ह्यांनी वेगळंच आरंभलं होतं. मुलीने आयर्लंडचा मोठा कागदी नकाशा पाठवला होता, माझ्यासाठी. तो ह्यांनी ताब्यात घेतला. नकाशाला आयुष्यभर 'तुझं कागदी लोणचं' म्हणणारा हा माणूस दिवसभर तो कॉटवर पसरून डाव्या हाताच्या बोटाने रस्ते फिरत बसे. कोपऱ्यातली खुणांची चौकट तर त्यांनी इतकी न्याहाळली की तिथला कागद मऊ पडला. बरं आहे, वेळ जातो, असं मला वाटायचं.

डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही म्हटलं, मुलीने तिकिटं काढली. बॅग भरताना मी यंत्र कपड्यांत गुंडाळून ठेवलं. सकाळी पाहते तर ते परत कपाटात, आणि बॅगेत नकाशा. मी यंत्र पुन्हा ठेवलं. ह्यांनी पुन्हा काढलं. तोंडाने वाद घालता येत नव्हता म्हणून तो वाद असा चालला. त्यांना तो आवाज सोबत नको होता आणि मला त्याच्याशिवाय पाऊल टाकवत नव्हतं. निघायच्या घाईत मी ते माझ्या पर्समध्ये टाकलं. ह्यांनी पाहिलं आणि नजर खाली घेतली.

मुलीने तिकडचे रस्ते त्यात भरून दिले. आवाज तसाच राहिला. तिच्या स्वयंपाकघरात तो पहिल्यांदा बोलला तेव्हा ती ओट्याला धरून रडली. छोटी नात यंत्र उलटं करून त्याच्या मागे आजोबा शोधायला लागली. आजोबा समोरच्या खुर्चीत बसलेले होते.

सुट्टीत आम्ही सगळे पश्चिमेच्या किनाऱ्यावर गेलो. तिथे नातीला ताप भरला, तेव्हा मुलगी म्हणाली, तुम्ही दोघं तरी समुद्र बघून या. तिने सुट्टीसाठी घेतलेल्या भाड्याच्या गाडीत मी यंत्र काचेला चिकटवलं. ह्यांनी नकाशा मांडीवर घेतला. दोन्हीपैकी कोणाचं ऐकायचं याचा निवाडा न होताच आम्ही निघालो.

दुपार होती, पण धुक्याने दिवेलागणीसारखं वाटत होतं. दगडी बांध, निळ्या रंगाने खुणा केलेल्या मेंढ्या, बंद दारांची घरं. विचारायला माणूस म्हणून नाही. आमच्याकडे कितीही आडरान असलं तरी बांधावर कुणीतरी तंबाखू मळत बसलेलं असतं. इथे फोनची रेंजही गेली होती. ह्यांचं म्हणणं खरं ठरलं आणि ते सांगायला त्यांनाच तोंड नव्हतं.

एका फाट्यावर आवाज आला. "अगं, वरच्या अंगाला वळ." मी उजवीकडे वळवली. हे नकाशावर बोट आपटायला लागले. मी म्हटलं, थांबा हो, त्याला कळतं. 'वरच्या अंगाला' वळलेला तो रस्ता खाली खाली उतरत गेला. बांध संपले, डांबर संपलं, आणि पुढे नुसती सपाट ओली वाळू. वाळूत ओळीने खांब रोवलेले, एकामागे एक, धुक्यात दिसेनासे होणारे. गाड्यांच्या चाकांनी उमटवलेले माग होते, म्हणजे रस्ता होता. मी गाडीचा वेग कमी केला.

तेव्हा यंत्र बोललं. "सरळ जा. भिऊ नको, मी हाय."

हे मी कधी ऐकलं नव्हतं. मला बाहेर काढून एकट्याने भरलेल्यांपैकी ते असणार. लांब सरळ रस्ता लागला तरच वाजायचं, आणि आमच्या वाकड्यातिकड्या रस्त्यांवर तशी वेळच आली नसावी. जो माणूस एक शब्द बोलत नव्हता तो मला नवीन वाक्य बोलला होता.  खरं सांगते, त्या आवाजामागे मी कुठेही गेले असते. मी वाळूत गाडी घातली.

चाकांचा आवाज बदलला. खांबांच्या बुडाशी काहीतरी चकाकत होतं आणि ते पुढे सरकत होतं. सरळ जा, भिऊ नको, मी हाय. ह्यांचा डावा हात माझ्या मनगटावर आला आणि नखं रुतली. शेजारून एक आवाज निघाला, हवा धरलेल्या पाण्याच्या मोटारीसारखा, घरघरणारा, ओळखू न येणारा.

"न... न्न... नको."

मी ब्रेक दाबला. पुढच्या चाकांपाशी पाणी आलं होतं. एकाच माणसाचे दोन आवाज गाडीत होते. एक जसा पूर्वी होता तसा, गोड, धीर देणारा, मला समुद्रात घेऊन निघालेला. दुसरा मोडका, थुंकीने भरलेला, मला वाचवणारा. आणि इतके महिने मी पहिल्याच्याच मागे हिंडत होते. मला ह्यांच्याकडे बघवेना.

मागे बघत, खांब मोजत, गाडी कशीबशी उलटी काढली. डांबरावर आल्यावर मी यंत्राची वायर ओढली. ह्यांनी नकाशा माझ्यापुढे धरला. समोरच्या बेटाकडे जाणारा तो रस्ता तुटक रेघेने काढलेला होता, आणि खुणांच्या चौकटीत तुटक रेघेसमोर छापलेलं होतं की भरतीत असा रस्ता पाण्याखाली जातो. त्या ओळीवर त्यांचं बोट होतं.

मी फाट्यापर्यंत परत आले आणि गाडी थांबवली.

"अहो, आता कुठं जायचं?"

ह्यांनी बोट उचलायला घेतलं, मग खाली ठेवलं. ओठ जुळवायला लागले. मानेच्या शिरा ताठ झाल्या, आवाज येईना. मागून एक व्हॅन आली, थांबली, हॉर्न वाजला. मी हात बाहेर काढून व्हॅनवाल्याला पुढे जायला सांगितलं. नकाशा समोरच होता. कोणता रस्ता, ते मला केव्हाच दिसलं होतं. पण ते तोंडाने सांगू बघत होते, म्हणून मी गाडी बंद केली.