अर्धा ब्रॅकेट

उत्तरेश्वर सरांच्या टेबलावर बिडाचा एक अर्धा ब्रॅकेट कायम पडलेला असायचा. हडपसरच्या शाळेत टेक्निकल शिकवायला लागले, त्या वर्षी त्यांनी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये एक जुना ब्रॅकेट मधोमध कापून घेतला होता. दोन्ही तुकड्यांचं ओझं बसमधून कोण वाहणार, म्हणून एक पिशवीत टाकून आणला आणि दुसरा पुढच्या खेपेला नेऊ म्हणून तिथंच ठेवला. ती खेप काही झाली नाही. पुढं वर्कशॉप गेलं, तिथं सोसायटी उभी राहिली, तरी सरांचं काही अडलं नाही.

अडायचं कशाला? एका तुकड्यावर झकास भागत होतं. वस्तू कापली तर आत काय दिसेल ते काढा म्हटलं, की पोरं हटकून बाहेरचंच काढत बसतात. सर ब्रॅकेट उचलायचे, कापलेलं अंग वर्गाकडे धरायचे आणि त्यावर खडूनं तिरप्या रेषा मारायचे. करवत जिथं धातूला लागली तिथं रेषा, भोक असेल तिथं कोरं. मागच्या बाकावरच्या पेंगणाऱ्यालाही ते कळायचं. त्यांच्या हाताखालून गेलेली कितीतरी मुलं आज कारखान्यात ड्रॉइंग वाचून पोट भरतात. सरांना त्याचा अभिमान होता, आणि तो काही खोटा नव्हता.

मुक्ताई त्यांच्याकडे दहावीला होती. वडील खराडीला एका आयटी कंपनीच्या गेटवर वॉचमन, गाव लातूरकडचं. पोरीला मेकॅनिकलचा डिप्लोमा करायचा होता. सरकारी कॉलेजात नंबर लागला तर डिप्लोमा, नाहीतर घराजवळ कॉमर्स, असं घरात ठरलेलं होतं. तिच्यासाठी एकेक मार्क मोलाचा होता.

एकदा तिनं वर्गात विचारलं, की सर, बाण उलटे दिले तर काय करायचं? वस्तू कुठं कापायची ते दाखवणाऱ्या रेषेच्या टोकांना बाण असतात, आणि कापल्यावर कुठल्या बाजूनं बघायचं ते हे बाण सांगतात. बाण फिरले की उरणारा तुकडा बदलतो आणि चित्रही बदलतं. प्रश्न अगदी रास्त होता. पण सर फळ्यावर बाण नेहमी एकाच दिशेला काढायचे, कारण हातातला तुकडा त्याच बाजूनं बघायचा होता. आपण असं करतो हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यात पुण्यात इतकी वर्षं काढून जीभ पुणेरी झालेली.

"दुसरा तुकडा वर्कशॉपात राहिलाय," ते म्हणाले. "आपण जाऊन बघून या आणि आम्हालाही सांगा."

वर्ग हसला. मुक्ताईही हसली आणि खाली बसली. तिनं पुन्हा काही विचारलं नाही.

बोर्डाच्या पेपरात बाण उलटे आले. सर परीक्षा केंद्राच्या फाटकाशी उभे होते. त्यांनी एका मुलाच्या हातातून प्रश्नपत्रिका घेतली आणि बाणांवर बोट ठेवून पुन्हा एकदा पाहिलं. मुलं मात्र खुशीत होती. सर, आपलाच ब्रॅकेट आला, म्हणून सांगत होती. नेहमीसारखा काढला, सगळ्यांनीच. मुक्ताई बाजूला उभी होती.

बाकीच्यांचं त्या प्रश्नावाचून फारसं काही बिघडलं नाही. मुक्ताईचं सरकारी कॉलेज थोडक्यात हुकलं. ते कळल्यापासून सरांना चैन नव्हतं. आळस आपला आणि भोगलं पोरीनं, हे त्यांना जेवताना खायचं, फळा पुसताना खायचं. ती भेटली की सरळ सांगायचं, बाई, चूक माझी झाली, असं त्यांनी मनाशी शंभरदा घोकलं होतं.

जुलैत ती शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली. कॉमर्सला नाव घातलंय म्हणाली. मग जरा घुटमळली.

"सर, मी आधी बरोबर काढलं होतं. बाण बघूनच काढलं. मग वाटलं, सर कधीच असं काढत नाहीत, म्हणजे आपलंच चुकलं असणार. म्हणून खोडलं."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरं झालं असतं, सरांना तोंड उघडायला वाट मिळाली असती. घोकलेलं वाक्य त्यांच्या ओठापर्यंत आलं. शेजारच्या टेबलावर दुसरे दोन शिक्षक वह्या तपासत बसले होते. सरांनी उगाच चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

"पुढच्या वेळी प्रश्न नीट वाचत जा," ते म्हणाले.

"हो सर," मुक्ताई म्हणाली, आणि वाकून त्यांच्या पाया पडली.