गाडीत दोन काळू, बेड्या एकालाच

सुरेश, माझ्या नातवाला तू गप बसायला सांगितलंस, हे मला आज कळलं. रामराम नंतर करीन.

ग्रुपातल्या बाकीच्यांनी ऐका. सकाळी अमेरिकेतनं सुरेशच्या पोराचा व्हिडिओ कॉल आला. नाव ओंकार, पण रंगावरनं घरात काळूच. मी विचारलं, "काळू, जेवलास का?" तर शेजारनं त्याचा दोस्त मार्कस मराठीत म्हणाला, "जेवलो, आज्जी!" तो तिथल्या काळ्या लोकांतला. आपली आमटी वरपून खातो, लई गोड पोरगं.

पण दोघांची तोंडं उतरली हुती. काल बाजारातनं येताना पोलिसांनी गाडी अडवली. चालवत हुता काळू. त्याला म्हणले, बस आत. मार्कसला बाहेर ओढून बेड्या घातल्या. मग म्हणले, आम्ही शोधतोय तो तू न्हाईस, जा.

मार्कसनं तक्रार केलीय. साक्षीदार एकटा काळू. आन् सुरेश पुण्यातनं त्याला सांगतो, "पडू नको त्यात, व्हिसा जाईल."

मी काळूला म्हणलं, "अरे, तू तर मार्कसहून काळा. मग पोलिसांनी बघितलं काय?"

"आज्जे, इथं रंगाआडून जात बघतात. आपल्याकडं बघतात तशी."

मग मला अमेरिका लगेच कळली.

मी सांगितलं, जा आन् पाहिलं ते बोल. परत यावं लागलं तर इथं गावात, सोनईत, भाकरी हाय. येताना मार्कसलाबी आण.

खाली कुणी हात जोडलेली चित्रं टाकू नका. उत्तर एकट्या सुरेशनं द्यायचं. अंगठा पाठवू नको रे, तुला शिकवलंय. लिहून सांग.