माझा जोक, त्याचं इटालियन

परदेशी लोकांना इटालियन शिकवणाऱ्या विद्यापीठात जायला मी स्वतःच नकार दिला. आमची दुबईतली मार्बल कंपनी स्वतःच्या खर्चानं इटलीला पाठवत होती आणि मी म्हणालो, "ऑगस्टमध्ये मी पुण्याला. शेजारच्या टेबलावरच्याला पाठवा."

तो मुकाट्यानं गेला आणि हात नाचवत परत आला. आता फोनवरसुद्धा हातवारे करतो. मला अल कुसैसला घरी सोडताना तर स्टिअरिंगच सोडून बोलतो. आमच्याकडे जेवणानंतर बायकोनं चहा दिला की, "जेवणावर दूध? इटलीत पाप! हबीबी, खलास!" पूर्वी हाच बशीत ओतून फुरके मारायचा. इटलीचे फॅक्सही आता त्याच्याच टेबलावर येतात.

परवा इटलीचे पाहुणे आले. एकेकाळचे माझे, आता सगळे त्याच्याभोवती. मी कोपऱ्यात धुमसत होतो, तर त्यानंच मला ओढून पुढे आणलं. "यल्ला, चला, तुमचा तो उंटाचा जोक होऊन जाऊ दे!" मी इंग्रजीत सांगितला, त्यानं इटालियनमध्ये. पाहुणे डोळे पुसेपर्यंत हसले. त्याचा हा चांगुलपणाच मला सहन होत नाही.

घरी बायकोला ऐटीत सांगितलं, "माझ्या जोकवर इटालियन लोक हसले."

"तुमच्या उंटाच्या जोकवर?" ती म्हणाली. "मग भावजींनी दुसराच सांगितला असणार."