कदमताल
मैदानावर फक्कीच्या रेघा मारल्या, की तो कोरडा वास नाकात जातो आणि मला वसतिगृहातली ती तळेघर गावची मुलगी आठवते. संचलनाच्या सरावात ‘दाहिने मुड’ म्हटलं की ती डावीकडे वळायची. सर वैतागून मला म्हणाले, “तू पथकाची नायक ना? शिकव हिला.” मी तिला भर उन्हात एकटीला जागच्या जागी पाय आपटत ‘कदमताल’ करायला लावलं आणि सावलीत जाऊन बसले. ‘थम’ ऐकल्याशिवाय पाय थांबवायचे नाहीत, हा नियम. मुली हसत होत्या. खडीवर तिच्या अनवाणी टाचा फुटल्या. “ताई, थम म्हणा ना, लई दुखतंय,” ती रडत म्हणाली. मी बाटलीतलं पाणी पीत राहिले. दुसऱ्या दिवशी वडील येऊन तिला कायमचं घरी घेऊन गेले. सरांनी विचारलं, तेव्हा मी म्हणाले, “तिला जमत नव्हतं, सर.” त्यांनी माझी पाठ थोपटली. तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.