कावळ्याला हाकलणारी मुलगी

नोकरीत हाताळलेल्या बऱ्याच गुन्ह्यांची आता माझ्या डोक्यात सरमिसळ झाली आहे. कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला, हे विचाराल तर मी नक्की चुकेन. हे एक प्रकरण मात्र जसेच्या तसे डोळ्यांपुढे उभे राहते. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, सुरुवातीला तर तक्रारही नव्हती. नावे कोणाचीच सांगणार नाही. त्यातली मुलगी आता मोठी होते आहे आणि तिला तिचे आयुष्य आहे.

निवृत्ती जवळ आली होती आणि मी नागपुरातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. पितृपक्ष संपून घट बसले, त्या दिवशीची सकाळ. हजेरी झाली होती, कोर्टात न्यायच्या आरोपींची तयारी चालली होती, आणि नवरात्राच्या बंदोबस्तासाठी माणसे कुठून आणायची यावर मी आणि माझे दुय्यम निरीक्षक डोके फोडत होतो. तेवढ्यात महाल भागातले एक कापड व्यापारी आत आले आणि बाकावर बसले. ठाण्यात येणाऱ्या माणसांबद्दल माझा एक अनुभव आहे. ज्याची तक्रार बनावट असते तो दारातूनच बोलत येतो. ज्याला खरेच काही खटकलेले असते तो आधी पाणी मागतो. यांनी पाणी मागितले.

"साहेब, मी तक्रार नाही करून राहिलो," ते म्हणाले. "पण कालपासून मले जेवण गेलं नाही."

हकिगत अशी होती. दर सर्वपित्री अमावस्येला ते वडिलांच्या नावाने शहराबाहेरच्या एका अनाथाश्रमातल्या मुलांना जेवण देत. त्या वर्षी संस्थेच्या सचिवाच्या डोक्यात आले की मुलांच्या हातून त्यांच्या स्वर्गवासी आईबापांचेही पान ठेवावे. दाते खूश होतील, फोटो चांगले येतील. प्रत्येक मुलाच्या हातात वरणभात, वडा आणि खीर वाढलेली पत्रावळ दिली आणि सगळ्यांना कुंपणाच्या भिंतीपाशी उभे केले. कावळा आला. तो एका आठनऊ वर्षांच्या मुलीच्या पानावर उतरणार, तोच तिने बाजूला पडलेला खराटा उचलला आणि त्याला हाकलले. सचिव रागावले. पोरगी हटेना.

"काय म्हणाली ती?" मी विचारले.

"म्हणाली, माही माय जिती हाये, कावळ्याले कायले बोलावून राहिले? आणि साहेब, तिचं पाहून बाकीचे पोट्टेही हाट-हाट करू लागले. दोन-तीन लेकरं तेवढी गप उभी होती. बाकी सारे कावळे हाकलत होते."

एखादे मूल आईच्या आठवणीने हट्ट करते, हे समजू शकते. पण भिंतीपाशी उभी असलेली जवळजवळ सगळी पोरे एकदम हट्ट करत नाहीत. मी स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि आमच्या महिला हवालदारांना बोलावले. त्या मूळच्या भंडारा जिल्ह्यातल्या, बोलायला मोकळ्या, आणि मुलांच्या बाबतीत माझ्यापेक्षा शंभर पटीने हुशार. लहान मुलांशी बोलताना अंगावर वर्दी नसावी असा नियमच आहे. त्यामुळे आम्ही दोघे साध्या कपड्यांत निघालो. बाई लाल सुती साडीत, मी माझ्या पुतण्याच्या लग्नातल्या सदऱ्यात.

संस्था दिसायला झकास होती. रंगवलेल्या भिंती, तुळशीवृंदावन, ऑफिसात मोठमोठ्या माणसांसोबतचे फोटो. सचिवांनी चहा मागवला आणि अनाथांच्या सेवेवर मला छोटेसे भाषण ऐकवले. मी मान डोलवत राहिलो आणि बाई अंगणात मुलींमध्ये जाऊन बसल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता. गाडीत बसल्यावर त्यांनी सगळे सांगितले.

त्यांनी त्या मुलीला विचारले होते, "तुही माय जिती हाये, हे तुले कोनं सांगतलं वं?"

"कोनी नाही. तिचे लाडू येते ना."

"कोनते लाडू?"

"मुरमुऱ्याचे. आमच्या इथं सगळ्यायले एकेक वाटते. आश्रमाचे हाये म्हनते. पन त्यात सोप राहते. लाडवात सोप माही मायच टाकते. मेलेले लोकं लाडू बनवते का?"

एवढ्यावर मी खटला उभा करू शकत नव्हतो. बडीशेप घालून लाडू करणाऱ्या बायका जगात आणखीही असतील. पण पुढचे वाक्य ऐकून मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मुलीने सांगितले होते की दसऱ्यानंतर तिला दूरच्या मोठ्या शहरात पाठवणार आहेत. तिथे तिचे नवीन आईबाबा आहेत.

म्हणजे हातात नवरात्राचे दिवस होते. मूल एकदा दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या नावाने, दुसऱ्या घरात गेले की त्याला शोधणे किती कठीण, हे आम्हा पोलिसांना कोणी शिकवायला नको. बालकल्याण समितीला मी लगेच कळवले. त्यांच्याकडे त्या मुलीच्या दत्तक जाण्याचा कोणताही अर्ज नव्हता. सगळा व्यवहार परस्पर चालला होता. समितीने मुलीला बाहेर पाठवण्यास मनाई केली आणि मी सचिव व तिथल्या अधीक्षिका, दोघांना चौकशीसाठी ठाण्यात बोलावले.

चौकशी म्हटले की लोकांना टेबलावर आपटलेली मूठ आठवते. माझ्या नोकरीत आवाज चढवून मिळालेली कबुली कोर्टात क्वचितच टिकली. मी साधे प्रश्न विचारतो आणि दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवतो.

सचिव शांत होते. मुलीचे आईवडील दोघेही वारले, असे म्हणाले.

"तेरवी कुठे झाली?" मी विचारले.

"गावीच झाली असेल."

"मुलीला नेले होते?"

"नाही. लहान आहे ती. मन घट्ट व्हायला वेळ लागतो."

"मरणाचा निरोप आणला कोणी?"

"गावाकडचा कोणी माणूस होता. नाव आता लक्षात नाही."

हेच प्रश्न मी दुसऱ्या खोलीत अधीक्षिकेला विचारले. ती पन्नाशीची, हाताने पदराचे टोक पिळत बसलेली. निरोप कोणी आणला, या प्रश्नावर ती पटकन म्हणाली, "तिच्या बापानं."

माझ्याआधी हवालदार बाईच बोलल्या, "बाप तं मेला होता ना वं बाई? मग निरोप द्याले कुठून आला?"

अधीक्षिकेला रडू फुटले. खोटे बोलायची सवय नसलेल्या माणसाला खोटे पाठ करायला दिले की असेच होते. मग जे बाहेर आले ते असे. आई जिवंत होती, बाप जिवंत होता. आई दर महिन्याला पगार झाल्यावरच्या रविवारी फाटकाशी यायची. "पोरगी रुळून राहिली, तुले पाहिलं की रडन, शिक्षणाचं नुकसान होईन," असे सांगून तिला तिथूनच परत पाठवायचे. ती डबा देऊन जायची आणि आतले लाडू संस्थेचे म्हणून सगळ्यांना वाटले जायचे.

"कुठं राहते ती?" मी विचारले.

"मले नाही माहीत साहेब. बुटीबोरीची हाये एवढंच मालूम. केसात कापसाची रुई राहते तिच्या."

सचिवांना मी हे ऐकवले तेव्हा त्यांनी हात जोडले नाहीत. उलट मलाच समजावू लागले. "साहेब, आईबाप आहेत म्हटलं की दाते हात आखडता घेतात. अनाथ म्हटलं की लगेच पाघळतात. मी मुलांना पोटभर जेवू घालतो. शाळेत पाठवतो. त्यांच्या आईबापांनी काय केलं असतं?" मला संताप आला आणि तो मी गिळलाही. कारण त्यांचे अर्धे बोलणे खरे होते. मुले खरेच पोटभर जेवत होती. पण पोट भरतो म्हणून मुलांच्या जिवंत आईबापांना मारून टाकायचा हक्क त्यांना कोणी दिला होता?

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत गेलो. कापूस आणि रुई म्हणजे सूतगिरणी, एवढे कळायला पोलीस असावे लागत नाही. पहिल्या गिरणीच्या फाटकावर काही हाती लागले नाही. दुसरीच्या फाटकावर आम्ही पाळी बदलायच्या वेळी पोहोचलो. हवालदार बाईंनी बाहेर पडणाऱ्या बायकांना नाव विचारले नाही, पत्ता विचारला नाही. एवढेच विचारले, "रविवारी पोरीले भेटाले मुरमुऱ्याचे लाडू घेऊन जाते, ते कोन वं?"

बायका हसल्या. "ते का? आताच पाळीवर गेली ना ते. आतमंधी हाये."

आई बाहेर आली. तिशीची, सडपातळ, डोक्याला रुमाल बांधलेला. आम्ही पोलीस आहोत हे कळताच ती तिथेच मातीत खाली बसली. तिच्या मनात काय आले ते मला लगेच कळले. "माही पोरगी बरी हाये ना? खरं सांगा साहेब, बरी हाये ना?"

बाई तिच्याशेजारी बसल्या. "पोरगी बरी हाये. तूही बरी हायेस, हेच तिले सांगाले चाल."

रस्त्यात तिने सगळे सांगितले. ती गिरणीत, नवरा विमानतळाजवळच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात एका कंपनीच्या फाटकावर पहारेकरी. त्याची दिवसाची बारा तासांची नोकरी, तिची पाळी एका आठवड्याला सकाळची, दुसऱ्याला दुपारची. नवऱ्याचे आईवडील गावी शेतावर. मुलगी शाळेतून आली की खोलीवर एकटी. शेजारच्या खोलीतल्या पोरीला एकदा एका माणसाने खाऊचे आमिष दाखवून नेण्याचा प्रयत्न केला. पोरगी ओरडली म्हणून वाचली. त्या दिवसापासून कामावर यंत्रापुढे उभी असतानाही हिच्या डोळ्यांपुढे तेच येई. तेवढ्यात संस्थेचा माणूस वस्तीत आला. फुकट शाळा, फुकट राहणे, दर महिन्याला भेट. "आम्हाले वाटलं का होस्टेल हाये," ती म्हणाली. "ते मोठे साहेब किती गोड बोलत होते. इतकं गोड बोलणारा मानूस खोटं काहून बोलन?"

त्या संस्थेत आईबाप असलेली मुले कशी पोहोचली, ते पुढच्या दिवसांत एकेक करून समजत गेले. कोणाचे आईवडील वीटभट्टीवर, हंगाम संपेपर्यंत परत न येणारे. एका मुलाची आई सकाळपासून संध्याकाळपर्यंत परक्यांच्या घरी म्हातारी माणसे सांभाळायची आणि स्वतःचे पोर सांभाळायला कोणी नव्हते. एका बापाने दुसरे लग्न केले होते. तो ठाण्यात आला, खाली मान घालून उभा राहिला आणि म्हणाला, "राहू द्या साहेब तिथंच." त्याला मी बरेच बोललो. त्याचा काही उपयोग झाला नाही. त्या मुलाला समितीने दुसऱ्या, चांगल्या संस्थेत ठेवले. पण असा बाप एकच निघाला. बाकीच्यांना निरोप पोहोचला तसे ते धावत आले. कोणी कामावरच्या कपड्यांत, कोणी पायात एकच चप्पल घालून. त्या आठवड्यात माझ्या ठाण्याच्या अंगणात जेवढे रडणे आणि हसणे ऐकू आले, तेवढे सगळ्या नोकरीत ऐकले नाही. बंदोबस्ताची माणसे कमी पडत होती आणि मला त्याचे काही वाटत नव्हते.

पण सगळ्यात आधी भेट झाली ती या मायलेकींची, समितीच्या कार्यालयात. मी धरून चाललो होतो की पोरगी धावत जाऊन गळ्यात पडेल. तसे झाले नाही. ती आईपुढे जाऊन उभी राहिली, तिच्या गालाला हात लावून पाहिला, आणि तक्रारीच्या सुरात म्हणाली, "या वेळी सोप काहून कमी टाकली होती?" आई हसायला लागली आणि हसता हसता तिला इतके रडू आले की हवालदार बाईंना तिला धरावे लागले. मी खिडकीबाहेर बघत बसलो. छातीवरचे ओझे उतरले म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळले.

गुन्हा दाखल झाला. सचिवांना अटक झाली, संस्था समितीच्या देखरेखीखाली गेली. ते व्यापारी जबाब द्यायला आले तेव्हा म्हणाले, "साहेब, आम्ही अनाथच पाहिजे म्हणून राहिलो होतो, म्हणून त्यानं अनाथ बनवले."  मी त्यांच्या जबाबावर सही घेतली आणि चहा मागवला.

मुलीला आईकडे सोपवायचे, पण समितीपुढे प्रश्न तोच होता. ती घरी गेली तर पुन्हा एकटी राहणार. सदस्य बाई विचारत होत्या, आई खाली मान घालून बसली होती, आणि मिहानहून धावत आलेला बाप दाराशी उभा राहून घाम पुसत होता. शेवटी त्या बाईंनी मुलीलाच विचारले, "बाळ, तुला कोणासोबत राहायचंय?"

"मायसोबत," ती म्हणाली. मग बापाकडे बोट करून, "पन यायले सांगा, रातपाळी यायनं करावी. दिवसा घरी राहावं. मी शाळेतून आली का घरी कोनी तरी पाहिजे."

 बापाने तोंडातल्या तोंडात "हो, करतो," म्हटले. त्याच आठवड्यात त्याने ठेकेदाराकडून रात्रीची नोकरी मागून घेतली. आई अधूनमधून ठाण्यात फोन करून हवालदार बाईंशी बोलते आणि त्या मला सांगतात, म्हणून हे मला कळते.

इतकी वर्षे मी समजत होतो की अनाथाश्रम मेलेल्या आईबापांमुळे भरतात. या प्रकरणानंतर कोणी मला विचारले, तर मी सांगतो की ते शाळा सुटल्यानंतरच्या रिकाम्या घरामुळे भरतात. कायद्याच्या पुस्तकात मी खूप कलमे वाचली आणि लावली. त्या पोरीने समितीपुढे जे मागितले, ते मात्र एकाही कलमात बसणारे नव्हते, आणि तिचा बाप ते एका शब्दात देऊन मोकळा झाला. इतके दिवस त्याला ते कोणी विचारलेच नव्हते.